“डाएटिशियन होऊ की पब्लिक हेल्थला जाऊ?”

“मॅडम, न्यूट्रिशनमध्ये बी.एस्सी. झालं. पुढे काय करू? नोकरी कशात लागते?” निकाल लागले की नाशिकच्या माझ्या खोलीत हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. मुलगी विचारते आणि शेजारी बसलेले आई-वडील उत्तराकडे कान लावून असतात. एकोणीस वर्षं हे काम करते आहे, पण पहिल्या भेटीत कोर्सची यादी मी कधीच हातात ठेवत नाही. आधी माणसाची गोष्ट ऐकायची, वाट त्या गोष्टीतच सापडते, यावर माझा विश्वास आहे. मेघनामुळे तो आणखी पक्का झाला. (नाव आणि काही तपशील बदलले आहेत.)

मेघना वेळेत आली होती, शेवटच्या वर्षाच्या ऑक्टोबरात. वडील एसटीत कंडक्टर. पहिल्या भेटीत तेच बोलले. “हॉस्पिटलात लागली तर अंगावर पांढरा कोट तरी येईल. हे पब्लिक हेल्थ म्हणजे काय? एम.एस्सी. करून अंगणवाडीत खिचडी मोजत बसायची का?” मेघना ओढणीचं टोक पिळत होती. “मला दोन्ही आवडतं,” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या भेटीत मी वडिलांना बाहेर बसायला सांगितलं आणि तिला विचारलं, “कॉलेजातला असा एक दिवस सांग, जो घरी गेल्यावरही डोक्यातून गेला नाही.”

ती बराच वेळ गप्प होती. मग पर्समधून तिनं दंडघेर मोजायची पट्टी काढली. लाल, पिवळा, हिरवा पट्टा. घडी पडून पडून मधला रंग उडालेला. मागच्या वर्षी कॉलेजतर्फे पेठ तालुक्यात गेली होती, तेव्हापासून ती पर्समध्येच होती.

“एका बाळाचा दंड 11.2 सेंटिमीटर आला. साडेअकराच्या खाली म्हणजे लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. अंगणवाडीच्या ताईंनी त्याला ग्राम बाल विकास केंद्रात, म्हणजे गावातच कुपोषित मुलांना भरवतात तिथं, घेतलं, दिवसातून अनेकदा थोडं थोडं भरवलं. वजन वाढलं. चार महिन्यांनी आम्ही परत गेलो, तर पुन्हा लाल.”

“असं कसं झालं?”

“दिवाळीनंतर आई-बाप द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे गेले होते, बाळाला घेऊन. तिथल्या अंगणवाडीच्या रजिस्टरला त्याचं नावच नव्हतं.” ती पट्टीकडे बघत होती. “मॅडम, तेवढे महिने त्याला मोजलं कोणी?”

माझं पेन तिथं थांबलं. बाळाला काय भरवायला हवं होतं, हे तिनं विचारलं नाही. ते कोणाच्या हातून निसटलं, हे ती विचारत होती. एका रुग्णाचं ताट नीट लावण्यात ज्याला समाधान आहे, त्याला पहिला प्रश्न पडतो. तेही मोलाचं काम आहे, डायलिसिसवरच्या माणसाच्या घरच्यांना विचारा. पण मेघनाचं मन दुसऱ्या प्रश्नात अडकलं होतं, आणि “दोन्ही आवडतं” म्हणताना ते तिलाच ठाऊक नव्हतं.

कोर्सची माहिती मी यानंतर दिली. पहिला प्रश्न ज्यांचा आहे, त्यांनी डाएटेटिक्समध्ये एम.एस्सी. करावं, मोठ्या हॉस्पिटलात इंटर्नशिप करावी आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची रजिस्टर्ड डाएटिशियनची परीक्षा द्यावी. दुसरा प्रश्न असेल, म्हणजे एका रुग्णाऐवजी अख्ख्या समाजाच्या आरोग्याची, पब्लिक हेल्थची वाट असेल, तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं अप्लाइड न्यूट्रिशनमधलं एम.एस्सी. बघा, प्रवेश परीक्षा असते, जागा थोड्या. किंवा मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ: मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था, गांधीनगर-हैदराबादला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ. टाटा संस्थेचा प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतून होतो आणि तिचे अर्ज हिवाळ्यातच भरावे लागतात. निकालाची वाट बघत बसणाऱ्यांचं वर्ष इथंच वाया जातं, म्हणून मेघनाचं ऑक्टोबरात येणं मला इतकं आवडलं. आणि “घरी बसून दूरस्थ करते” म्हणणाऱ्यांनो, पोषणशास्त्रातले दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून बंद केले आहेत. कोणी आग्रह केला तरी पैसे भरू नका.

नोकरीचंही स्पष्ट सांगते. संस्था आणि प्रकल्पांमधल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात. कायम नोकरी हवी असेल तर एमपीएससीतून बाल विकास प्रकल्प अधिकारी, म्हणजे अंगणवाड्यांचं काम बघणारा अधिकारी, होता येतं. त्या खुर्चीत पोषण शिकलेली बाई बसावी, असं मला मनापासून वाटतं.

तिसऱ्या भेटीला वडील आत होते. मी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा, 2019-21 चा आकडा सांगितला: महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या 100 मुलांमागे 35 मुलं वयाच्या मानाने बुटकी. त्यांनी मान हलवली, तोंडदेखली. मग मी मेघनाला म्हटलं, “बाबांना त्या बाळाचं सांग.” तिनं सांगितलं, पट्टी टेबलावर ठेवून.

ते पट्टी हातात घेऊन बसून राहिले. मी काही बोलले नाही. अशा वेळी न बोलणं मला फार वर्षांनी जमलं आहे, आणि या खोलीतलं माझं खरं काम मी तेच मानते.

“पेठच्या गाडीला मी सहा वर्षं होतो,” ते म्हणाले. “दिवाळी झाली की गाडी भरून माणसं निघतात. गाठोडी, तवा, पोरं. मोठ्यांचं तिकीट फाडायचं, पाचच्या वरच्याचं अर्धं. त्याखालच्याला तिकीटच नाही.” थोडं थांबून म्हणाले, “म्हणजे मॅडम, मीसुद्धा त्यांना कधी मोजलं नाही.”

मेघना वडिलांकडे बघत राहिली. खिचडीचा विषय त्यानंतर निघाला नाही. हैदराबादच्या होस्टेलचा निघाला, खर्चाचा निघाला.

तिनं हैदराबाद आणि मुंबई, दोन्हीकडे अर्ज भरले आणि मुंबईला नंबर लागला. तिथं प्रकल्पाचा विषय ठरवायची वेळ आली, तेव्हा तिनं आधी वडिलांना फोन करून विचारलं, की दिवाळीनंतर कुठल्या थांब्यावर सगळ्यात जास्त कुटुंबं चढतात.