औषध ‘सेन्सिटिव्ह’ असूनही बदललेल्या गुडघ्यातून परत परत पू का येतो?

तुमच्या वडिलांचा गुडघा बदलून आठ महिने झालेत. व्रणाशेजारी भोक पडून पू येतो, कल्चरमध्ये (पूतले जंतू वाढवून बघण्याच्या चाचणीत) स्टॅफिलोकॉकस ऑरियस, थोडक्यात स्टॅफ, हा जंतू निघाला. रिपोर्टमध्ये ‘सेन्सिटिव्ह’ (म्हणजे या जंतूवर चालणाऱ्या) असलेल्या गोळ्या चालू असेपर्यंत जखम सुकते, थांबल्या की पुन्हा वाहते. गोळ्या बनावट असतील का, असं तुम्ही विचारलंय.

गोळ्यांवर संशय घेण्याआधी हे बघा. रिपोर्टमधली चाचणी भराभर वाढणाऱ्या, मोकळ्या जंतूंवर होते. गुडघ्यातले जंतू मोकळे नाहीत. इम्प्लांट (बसवलेला कृत्रिम सांधा) शरीरात गेलं की काही वेळातच त्यावर फायब्रिनोजेन, फायब्रोनेक्टिनसारख्या प्रथिनांचा लेप चढतो. स्टॅफ नेमका त्याला चिकटतो आणि शर्करा, प्रथिनं व मेलेल्या जंतूंचा डीएनए यांचा चिकट थर स्वतःभोवती उभारतो. हीच बायोफिल्म. पाण्याच्या टाकीत आतून हात फिरवला की लागणारा बुळबुळीत थर याच जातीचा; तोही नुसतं पाणी बदलून जात नाही, घासावा लागतो. 1957 मध्ये एलेक आणि कोनेन यांनी दाखवलं की माणसाच्या त्वचेत पू होण्यासाठी एरवी लाखो स्टॅफ लागतात, पण रेशमी टाक्याचा धागा असेल तर शंभरएक पुरतात.

औषध थरात बऱ्यापैकी शिरतंही. खरी अडचण अशी की आतले जंतू जवळजवळ झोपलेले असतात आणि पेनिसिलिन गटातली औषधं वाढणाऱ्या जंतूवरच चालतात. म्हणून थरातून सुटून बाहेर पडणारे मरतात, जखम सुकते. कोर्स संपला की आतले पुन्हा बाहेर येतात.

म्हणून गोळ्यांचा आणखी एक कोर्स मला चूक वाटतो. भोकावरचा स्वॅब (कापसाच्या काडीने घेतलेला नमुना) भरवशाचा नसतो, त्यात कातडीवरचे जंतूही येतात. तब्येत स्थिर असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने अँटिबायोटिक दोन आठवडे थांबवून सांध्यातलं पाणी तपासतात. ऑपरेशनमध्ये पाच-सहा ठिकाणचे ऊतींचे तुकडे, प्रत्येकासाठी वेगळं हत्यार वापरून, घेतात. कल्चर 14 दिवस ठेवायला आवर्जून सांगा. स्टॅफचे काही प्रकार इतके सावकाश वाढतात की 48 तासांत प्लेट टाकून दिली तर ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट येतो.

त्रास तीन आठवड्यांच्या आतला आणि इम्प्लांट घट्ट असेल, तर सांधा धुऊन, प्लॅस्टिकचा लायनर (मधली चकती) बदलून इम्प्लांट वाचवता येतं. पण कातडीपर्यंत भोक पडलंय म्हणजे ती वेळ बहुधा टळली आहे. मग बहुतेकदा इम्प्लांट काढून अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा स्पेसर (जागा धरून ठेवणारा तात्पुरता ठोकळा) बसवतात, साधारण सहा आठवडे औषध देतात आणि मग नवा सांधा घालतात.

स्टॅफच्या बायोफिल्मवर चालणारं महत्त्वाचं औषध रिफाम्पिसिन, तेच टीबीचं. ते एकटं कधीही घेऊ नये, काही दिवसांतच जंतू त्याला दाद देईनासे होतात. जोडीला दुसरं औषध हवं, आणि रिफाम्पिसिन सुरू करायचं तेही सांधा साफ होऊन जखम कोरडी झाल्यावर. वडील रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची औषधं घेत असतील तर आधीच सांगा. रिफाम्पिसिनमुळे त्यातल्या कित्येकांचा असर घटतो. लघवी नारिंगी होईल, तिला घाबरू नका.