चपलांपाशी उभा राहिलेला मुलगा

पत्र : मावशी, मी नागपूरला मानेवाड्याकडे राहते. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. त्याला डॉक्टर करायचं हे तो पहिलीत असल्यापासून ठरलेलं. मेडिकलची प्रवेश परीक्षा 'नीट' दोनदा दिली, ७२० पैकी जे मार्क पडले ते एमबीबीएसला पुरले नाहीत. शेवटी मी हात टेकले आणि सगळं देवावर सोडलं. संकष्टीला टेकडीच्या गणपतीला गेलो. 'आणखी एक ड्रॉप' आणि 'बीडीएस' अशा दोन चिठ्ठ्या देवापुढे ठेवल्या, मंडपातल्या एका लहान मुलीला एक उचलायला लावली. मुलगा आत आला नाही, बाहेर चपला पाहत उभा होता. 'ड्रॉप'ची चिठ्ठी निघाली. आमचे हे म्हणतात ही अंधश्रद्धा, सासूबाई म्हणतात कौल मोडू नये. महिनाअखेरपर्यंत फी भरली तर क्लासवाले सवलत देतात. पण जिवाला चैन नाही. हा देवाचाच आदेश समजायचा का?

उत्तर : ताई, तुमचे यजमान बरोबर की सासूबाई, या वादात मी पडणार नाही. लेकराला काय वाटतं हे त्या दोघांनीही विचारलेलं तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही. मी अडकले ते एका वाक्यापाशी. चिठ्ठ्यांच्या गडबडीत तुम्ही ते लिहिलंत आणि पुढे गेलात. मुलगा आत आला नाही.

टेकडीवर चपला हारवाल्याकडे ठेवता येतात, हे नागपुरात वाढलेल्या पोराला ठाऊक असतं. त्यांची राखण करायला तो थांबला नव्हता. आत त्याच्या आयुष्याचा निकाल लागत होता आणि चिठ्ठी उचलायला तुम्हाला अनोळखी मुलगी चालली. तो दारात होता, त्याला हाक मारली नाहीत. हे वाचून मला राग आला, तो लपवत नाही.

आता त्या चिठ्ठ्यांकडे या. एकीवर ड्रॉप, म्हणजे पुन्हा नीट, पुन्हा डॉक्टर. दुसरीवर बीडीएस, म्हणजे दातांचा का होईना, डॉक्टरच. मग देवावर सोडलं काय? बेत तुमचा, अक्षर तुमचं, आणि गणपतीकडे फक्त सहीला नेलंत. मेडिकल कॉलेज तुमच्या भागातच उभं आहे, तिथे आपलंही लेकरू पांढऱ्या कोटात जावं असं आईला वाटणारच. त्यात काही वाईट नाही. पण ती तुमची इच्छा आहे, तिला आदेश म्हणू नका.

युद्धाआधी दुर्योधनही कृष्णाच्याच दारी गेला होता, हे आपण विसरतो. तो आधी पोचला आणि उशाशी बसला. अर्जुन मागून आला, पायाशी उभा राहिला. दुर्योधनाला सैन्य हवं होतं, मिळालं. कृष्णाने नाही म्हटलं नाही. तो खूश होऊन परतला, कारण जे ठरवून आला होता तेच हाती पडलं. अर्जुनाने शस्त्र न धरणारा कृष्ण मागितला. लढाईत याचा उपयोग काय, हा हिशेब त्याने केला नाही. मला त्या गोष्टीत दुर्योधनाचं समाधानच जास्त भिववतं. तुमची चिठ्ठीही तुमच्या मनासारखी निघाली. तरी तुम्हाला चैन नाही, हे फार बरं आहे. देव काही सांगत असेल तर त्या तगमगीतून सांगतोय असं मी मानते, कागदातून नाही.

श्रद्धा सोडा असं मी तुम्हाला कधीच म्हणणार नाही. मी स्वतः विचारल्याशिवाय मोठं पाऊल टाकत नाही. पण विचारायला जाताना उत्तरं लिहून न्यायची नसतात. 'मला दिसत नाही, तू दाखव' एवढं म्हणायचं आणि मग जे दिसेल ते पाहायची तयारी ठेवायची, ते आपल्याला नको असलं तरी. तुमच्या बाबतीत ते दारातच उभं होतं, एकोणीस वर्षांचं, मान खाली घालून.

म्हणून एकच करा. येत्या मंगळवारी पुन्हा टेकडीवर जा, दोघंच. कागद नको, नवस नको, सासूबाईही नकोत. तो आत आला तर ठीक, नाही आला तर तुम्ही बाहेर त्याच्याजवळ थांबा, दर्शन त्या दिवशी राहिलं तरी चालेल. त्याला विचारा, 'तुला काय करावंसं वाटतं?' आणि गप्प बसा. तो 'माहीत नाही' म्हणेल. दोन वर्षं कुणी विचारलं नसेल तर पोरं हेच म्हणतात. तरी मध्ये बोलू नका, शेजारणीच्या मुलाचं नाव काढू नका, रडू तर अजिबात नका. त्या दिवशी नाही बोलला तर पुढच्या मंगळवारी परत जा. त्याला तिसऱ्यांदा नीटच द्यायची असेल तर तो सांगेल, आणि मग अभ्यासाला तो स्वतःच्या मनाने बसेल.

तोवर क्लासची फी भरू नका. सवलत बुडाली तर बुडू द्या.