बाळ हालतंय ना? पोटातल्या बाळाच्या मृत्यूविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सुनेला नववा लागतोय. दोन दिवस बाळ कमी हालतंय म्हणते. मी म्हटलं, दिवस भरत आले की जागा पुरत नाही, बाळ शांत होतंच. बरोबर ना? (पेडणे)

नाही काकी. पत्र वाचल्याबरोबर तुम्हाला फोन केला तो त्यासाठीच. ही गोष्ट छापून येईपर्यंत थांबत नाही.

जागा कमी झाली की हालचालीची तऱ्हा बदलते. लाथ बसण्याऐवजी बाळ कूस बदलतंय, आतून रेटतंय असं वाटतं. पण हालचाली कमी होत नाहीत. वारेतून (बाळाला पोसणाऱ्या प्लेसेंटातून) प्राणवायू कमी मिळायला लागला की बाळ ताकद राखण्यासाठी हालणं कमी करतं, आणि अशा वेळी हाताशी किती तास आहेत ते बाहेरून कोणालाच कळत नाही. शंका असेल तर कुशीवर पडून दोन तास लक्ष द्यायचं. दहा हालचाली झाल्या नाहीत, किंवा झाल्या तरी 'नेहमीसारखं नाही' असं तिला वाटलं, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. रात्र असेल तर रात्रीच. म्हापसा, बांबोळी, मडगाव, जे जवळ असेल ते. गाडी नसेल तर 108. साखरपाणी पाजून सकाळची वाट बघू नका.

घरी डॉपलर यंत्र आणून ठोके ऐकणाऱ्यांनाही हेच सांगते. त्यात पुष्कळदा आईचीच नाडी ऐकू येते, आणि ठोके बाळाचे असले तरी त्यावरून बाळ ठीक आहे असं ठरत नाही. ते एनएसटी (बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढायची तपासणी) आणि सोनोग्राफीनेच बघावं लागतं.

रोज वहीत आकडे मांडल्याने मृतजन्म कमी होतात असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही, म्हणून मी वही घालायला लावत नाही. आपलं बाळ एरवी कधी आणि कसं हालतं, हे मात्र आईला पाठ असावं. ओपीडीत आम्ही पहिल्यांदा 'भुरगें हालता मगे?' (बाळ हालतंय ना?) असं विचारतो, ते उगाच नाही.

प्रश्न : 35व्या आठवड्यात माझं बाळ पोटातच गेलं. ग्रहणात मी भाजी चिरली होती, स्कूटरने कामालाही जायचे. सासरी म्हणतात दिष्ट लागली. शेवटी डोकं फार दुखायचं, पण ते उन्हाने असेल. (डिचोली)

ग्रहणाने बाळ जात नाही. भाजी चिरल्याने, जिने चढल्याने, कोणाच्या नजरेनेही जात नाही.

तुमच्या शेवटच्या वाक्यापाशी मात्र मी थांबले. डोकं दुखत होतं तेव्हा कोणी बीपी मोजलं का? लघवीतलं प्रोटीन तपासलं का? नसेल, तर ती चूक तुमची नाही, तपासणाऱ्यांची आहे. मृतजन्माची कारणं बहुधा इथे सापडतात : वाढलेलं बीपी, ताब्यात नसलेली शुगर, वार नीट न रुजल्याने खुंटलेली वाढ, वेळेआधी सुटलेली वार, सिफिलिस किंवा मलेरियासारखा संसर्ग, कधी बाळातला जन्मजात दोष. बऱ्याच वेळा सगळं तपासूनही कारण मिळत नाही, तेही सांगायला हवं.

पण तपासलंच नाही तर मिळणार कसं? वार पॅथॉलॉजीला पाठवणं ही सगळ्यात सोपी तपासणी, आणि नेमकी तीच राहून जाते. घरच्यांना सगळं लवकर आटपायचं असतं, आणि आम्ही डॉक्टरही त्या क्षणी बोलायला कचरतो. तुमची वार आता मिळणार नाही, पण शुगर, थायरॉइड, अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज (रक्ताच्या गुठळ्या वाढवणारी प्रतिद्रव्यं) या रक्ततपासण्या आजही करता येतील. जुनी फाइल घेऊन जा, त्यात बीपीचे आकडे शोधायला सांगा.

प्रश्न : पाठीवर झोपलं तर धोका असतो का? (म्हार्दोळ)

28 आठवड्यांनंतर झोपताना कुशीवर झोपा, डाव्या किंवा उजव्या. मध्येच जाग आली आणि पाठीवर असलात तर घाबरू नका, कूस बदला आणि झोपा.

प्रश्न : आठव्या महिन्यात तळहात-तळपायांना रात्री भयंकर खाज, पुरळ मात्र नाही. आई म्हणते घामोळं. (साखळी)

घामोळं तळहातावर येत नाही. ही गरोदरपणातली यकृताची तक्रार असू शकते. पित्ताम्लं, म्हणजेच बाइल अ‍‍ॅसिड, रक्तात साठतात, आणि ती लिटरमागे 100 मायक्रोमोलच्या वर गेली तर बाळाला धोका वाढतो. बाइल अ‍ॅसिड आणि यकृताच्या तपासण्या याच आठवड्यात करा. आकडा बघून प्रसूती थोडी अलीकडे घेता येते. नुसतं कॅलामाइन लावून बसू नका.

प्रश्न : मागचं बाळ 32व्या आठवड्यात गेलं, तेव्हा बायकोचं बीपी वाढलेलं आणि बाळ लहान होतं. आता पुन्हा दिवस गेलेत, दुसरा महिना आहे. शिवाय तेव्हा तिच्या कंपनीने 'गर्भपात' म्हणून सहाच आठवडे रजा दिली होती. (फोंडा)

वेळेवर विचारलंत. अशा इतिहासात कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन 12व्या आठवड्यापासून, 16व्याच्या आत, सुरू करतात. मात्रा डॉक्टर ठरवतील, मनाने घेऊ नका. बीपी दर भेटीत मोजा, घरीही यंत्र ठेवा. शुगरची तपासणी लवकर, आणि 28 आठवड्यांनंतर बाळाच्या वाढीची सोनोग्राफी पुनःपुन्हा. प्रसूती कधी घ्यायची तेही आधी ठरवून ठेवा. घरात सिगारेट ओढत असाल तर ती आजच बंद. तिची मिश्री असेल तर तीही. पुढच्या वेळी बहुतेकींना जिवंत, धडधाकट बाळ होतं, हे तिला तुम्ही सांगाच.

रजेचं म्हणाल तर 1961च्या मातृत्व लाभ कायद्यात (नोव्हेंबर 2025पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, व्याख्या त्याच राहिल्या) 26 आठवड्यांच्या आत गर्भ गेला तरच तो गर्भपात. त्यानंतर मृत जन्मलेलं बाळही कायद्याच्या भाषेत 'मूल'च आहे, आणि बाकी अटींत बसत असेल तर आईला पूर्ण प्रसूतिरजा मिळते. डिस्चार्ज कार्डावर 32 आठवडे लिहिलेलं असणार. ते आणि मृतजन्माच्या नोंदणीचा कागद घेऊन कंपनीला लेखी विचारा.