बोर्ड जॉबवर्कला द्यावेत का?

प्रश्न : भोसरीत आम्ही यंत्रांवर बसणारे छोटे संगणक बनवतो. महिन्याला २०० सर्किट बोर्ड, सगळ्यांवर पार्ट हाताने बसवून सोल्डर केलेले. मोठ्या कंपन्या बाहेरूनच करून घेतात, मग आम्हीही द्यावेत का?

उत्तर : पार्ट भरायला द्या, पण तपासणी हातची सोडू नका. २०० बोर्डांसाठी पिक-अँड-प्लेस मशीन (पार्ट उचलून बोर्डावर ठेवणारं) आणि रिफ्लो ओव्हन (सोल्डर वितळवून पार्ट चिकटवणारी भट्टी) घेतलात तर दोन दिवस चालतील, बाकी महिना धूळ खातील. जॉबवर्कवाल्याकडे तीच यंत्रं अनेक गिऱ्हाइकांच्या कामावर फिरतात. ॲपलनेसुद्धा १९९६ मध्ये कोलोरॅडोतला कारखाना एससीआय या कंत्राटी उत्पादकाला विकून टाकला होता.

पार्टच्या यादीत कपॅसिटरपुढे नुसतं ‘१० मायक्रोफॅरड’ लिहू नका. व्होल्टेज, आकार, बनवणाऱ्याचा पूर्ण पार्ट नंबर आणि तुम्हाला चालणारा पर्याय, सगळं हवं. नाहीतर खरेदीवाला मिळेल ते उचलतो. खराब कपॅसिटर फुगून डेलच्या ऑप्टिप्लेक्स मशिनी बंद पडल्या, तेव्हा २००५ मध्ये ३० कोटी डॉलरचा भुर्दंड डेललाच बसला. गिऱ्हाईक डब्यावरचं नाव बघतं, आतला कपॅसिटर कुणाचा ते नाही.

रेझिस्टर-कपॅसिटर मोजून तेवढेच पाठवू नका, पार्टच्या पट्टीचं रीळ फीडरला, म्हणजे मशीनला पार्ट पुरवणाऱ्या भागाला, लावताना सुरुवातीची पट्टी वाया जाते. शंभरेक जादा द्या. चिपांचं मात्र पाकीट बघा. त्यावर ‘एमएसएल ३’ (चिप ओलीला किती नाजूक आहे त्याचा दर्जा) असेल तर फोडल्यापासून १६८ तासांत चिप ओव्हनमधून निघाली पाहिजे. उघड्या पडलेल्या चिपा ओल धरतात. मग ओव्हनमध्ये, २४० अंशांच्या आसपास, त्या ओलीची वाफ होऊन चिप आतून तडकते. वरून काहीच दिसत नाही आणि बोर्ड दोन महिन्यांनी परत येतो. उरलेल्या चिपा ड्राय कॅबिनेटमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या कपाटात, जातात का, हे पावसाळ्याआधीच त्यांच्याकडे जाऊन डोळ्यांनी बघा.

खरा तोटा असा : हाताने भरताना चूक तिसऱ्या बोर्डाला कळते, बाहेर ती २०० वेळा छापली जाते. तुमच्या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमधला चिपचा शून्य कोन (ती सरळ बसलेली धरायची दिशा) आणि त्यांच्या मशीनमधला वेगळा असला की चिप उलटी बसते. म्हणून आधी फक्त ५ बोर्ड मागवा, तुमच्या जिगवर (बोर्ड तपासायच्या साच्यावर) चालवा, मगच बाकीच्यांना होकार द्या. स्टेन्सिलचे (बोर्डावर सोल्डर पेस्ट लावायच्या भोकांच्या पत्र्याचे) पैसे तुम्ही भरता, तेव्हा ती तुमच्या मालकीची असं ऑर्डरवर लिहून घ्या. फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये जाणारा तुमचा प्रोग्राम, त्यांना देऊच नका. बोर्ड आल्यावर तो तुम्हीच चिपमध्ये टाका आणि रीड प्रोटेक्शन लावा, म्हणजे तो कुणाला वाचून काढता येणार नाही.