दोन वर्षांसाठी मलावीला व्हॉलंटियर म्हणून जातेय, पुण्याहून काय न्यावं आणि तिथे घर कसं लावावं?

तुम्ही लिहिलंय की काम शिक्षक-प्रशिक्षणाचं आहे, राहायची जागा संस्था देणार आहे आणि आईने आत्तापासूनच डबे भरायला घेतलेत. मीही पुण्यातूनच गेले होते, उत्तर मलावीत म्झुझूच्या जवळ, आणि काम साधारण हेच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

बॅगा काढायच्या आधी एक करा. तुमच्या जागी आत्ता जी व्यक्ती काम करतेय तिचा नंबर संस्थेकडून मागून घ्या. शेगडी गॅसची की विजेची, पाणी रोज येतं का, फ्रीज आहे का, खिडक्यांना जाळी आहे का आणि परत जाणारं कोणी सामान विकतंय का, एवढं तिला विचारा. निम्मी बॅग याच उत्तरांवर ठरते. शेवटचा प्रश्न तर विसरूच नका, कारण जाणारे व्हॉलंटियर गादी, बादल्या, पंखा, कधीकधी फ्रीजसुद्धा स्वस्तात देऊन जातात, आणि तुम्ही मात्र तुळशीबागेतून पाच किलोची भांडी उचलून न्याल.

माझं ठाम मत आहे की पुण्याचं घर उचलून न्यायला जाऊ नये. जे तिथे मिळत नाही आणि ज्यावाचून रोजचा दिवस अडतो तेवढंच घ्या. माझ्या मते त्यात पहिला नंबर कुकरचा. तीन लिटरचा, सपाट बुडाचा घ्या, कारण विजेची हॉटप्लेट असण्याचीच शक्यता जास्त, आणि त्याच्या जास्तीच्या दोन रिंगा, एक शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आठवणीने घ्या, रिंग गेली की कुकर नुसतं पातेलं होऊन बसतो. लाटणं न्या, पोळपाट नको, ओट्यावर लाटता येतं. किसणी, छोटा खलबत्ता, मसाल्याचा डबा. मिक्सर न्यावा का म्हणाल तर व्होल्टेज आपल्यासारखंच २३० आहे त्यामुळे चालेल, पण लाइट इतके जातात की खलबत्ताच जास्त वापरला जातो.

सॉकेट मात्र वेगळं. तिथे चौकोनी तीन पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा प्लग लागतो, आपल्या गोल पिना बसत नाहीत. ढीगभर कन्व्हर्टर घेण्यापेक्षा इथला एक चांगला एक्स्टेन्शन बोर्ड न्या आणि तिथल्या इलेक्ट्रिशियनकडून त्याचा फक्त प्लग बदलून घ्या, सगळे चार्जर एका जागी चालतात. बोहरी आळीत बोर्ड घेतानाच एक चार्जिंगचा दिवा आणि डोक्याला बांधायची बॅटरी पण घ्या. पॉवर बँक हँडबॅगेतच ठेवायची, चेक-इनमध्ये चालत नाही.

आता डबे. आईला सांगा की डाळ-तांदळाची काळजी नको. तूर तर तिथे शेतात पिकते, आपल्या सरकारने २०२१ मध्ये मलावीतून वर्षाला ५० हजार टन तूर आयात करायचा करार केला होता. शेंगदाणे भरपूर. भोपळ्याच्या पानांची भाजी ते लोक दाण्याचं कूट घालून करतात, पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मला इतकं बरं वाटलं! मक्याचं कोंडा न काढलेलं पीठ मिळतं, त्याची भाकरी छान होते. राजधानी लिलाँग्वेच्या ओल्ड टाउनमध्ये गुजराती लोकांची जुनी दुकानं आहेत, तिथे आटा, हिंग, मोहरी, पापड मिळतात, फक्त महाग आणि तुम्ही गावात असाल तर लांब. त्यामुळे इथून न्यायचं ते गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं, थालीपिठाची भाजणी आणि थोडं हिंग. बाकरवडी पहिल्या आठवड्यासाठी आणि ऑफिसात वाटायला. आणि हो, विमान दुबईवरून असेल तर खसखस अजिबात नको, तिकडे त्यावर बंदी आहे आणि आपल्या घरच्या गोड्या मसाल्यात ती बऱ्याचदा असते, म्हणजे या खेपेचा मसाला तिच्याशिवाय करायला सांगा. सगळं प्लास्टिकच्या कॅरीबॅगेत बांधायची आपली सवयही सोडा, सुट्टीत टांझानिया किंवा रवांडाला गेलात तर तिथे कॅरीबॅगांवर कडक बंदी आहे, कापडी पिशव्या शिवून घ्या.

कपडे कमी घ्या. सुती कुर्ते, सलवारी उत्तम चालतात, गावात गुडघे झाकलेले असले की लोकांनाही बरं वाटतं, आणि चितेंजे नावाचं तिथलं छापील कापड इतकं सुंदर असतं की मापाचा एक कुर्ता शिंप्याला दिला की बाकीचे तिथेच शिवून होतात. पण स्वेटर आणि पायमोजे नक्की घ्या. जून-जुलैत आपल्याकडे पाऊस असतो तेव्हा तिकडे थंडी, म्झुझूसारख्या उंचावरच्या गावात चांगलीच. इस्त्री पण हवी, आणि ती नीटनेटकं दिसायला नाही, तर बाहेर वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांवर पुट्झी नावाची माशी अंडी घालते आणि अळी कातडीत शिरते, म्हणून आतले कपडे, चादरी, टॉवेल सगळ्याला गरम इस्त्री फिरवायची.

तब्येतीच्या बाबतीत मी कळकळीने सांगते. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांशी बोलून ठरवा, मच्छरदाणीत झोपा, आणि ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. आपला 'दोन दिवस बघू' हा स्वभाव तिथे नको, तिकडचा मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम, म्हणजे जिवावर बेतू शकणारा असतो, तो वाट बघत नाही. यलो फीव्हरची लसही घेऊन टाका. मलावी स्वतः या तापाच्या धोक्याच्या देशांच्या यादीत नाही, पण विमान बहुतेकदा अदिस अबाबा नाहीतर नैरोबीवरून जातं, आणि यादीतल्या देशांतून परत येताना सर्टिफिकेट नसलं तर आपल्याकडेच सहा दिवस अडकवून ठेवू शकतात. लस अधिकृत केंद्रातच मिळते, सर्टिफिकेट १० दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते जन्मभर चालतं. नेहमीची औषधं प्रिस्क्रिप्शनसकट हँडबॅगेत.

कागदपत्रांना वेळ लागतो. पोलीस क्लिअरन्स मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून, डिग्रीचं अपोस्टिल (परदेशात चालणारा खरेपणाचा सरकारी शिक्का) मागितलं असेल तर आधी राज्याचं अटेस्टेशन आणि मग परराष्ट्र खात्याचं, तेव्हा हे सगळं खरेदीच्या आधी सुरू करा. डॉलर नेणार असाल तर नवीन छपाईच्या, न दुमडलेल्या मोठ्या नोटा मागून घ्या, जुन्या किंवा छोट्या नोटांना रेट कमी मिळतो.

तिथे पोचल्यावर पहिल्या महिन्यात फार काही विकत घेऊ नका. दोन बादल्या, नळ बसवलेला पाण्याचा डबा, एक पातेलं, चादर, मच्छरदाणी, बास. आधी शेजारी जा, 'मुली ब्वांजी' (तिथल्या भाषेत 'कसे आहात') म्हणून सगळ्यांची चौकशी करा, संस्थेच्या माणसाबरोबर गावच्या प्रमुखांना भेटून या. घरच्यांचे छापलेले फोटो न्या, कारण पहिला प्रश्न घरी कोण कोण असतं हाच येतो, आणि फोटो बघता बघता सुतार कोण चांगला, बाजार कुठल्या वारी, पाणी कधी जातं सगळं कळतं. माझं टेबल, शेल्फ, पाण्याचा ड्रम असंच शेजारणीने बरोबर येऊन घेऊन दिलं, माझ्या एकटीने ते त्या भावात मिळालं नसतं.

आणि आईबाबांचं. बँकेचा ओटीपी येणारा नंबर बंद पडू देऊ नका, रिचार्ज आणि रोमिंग सुरू ठेवा, फ्लॅट भाड्याने देणार असाल तर लिव्ह अँड लायसन्स नोंदवूनच. तिकडची वेळ आपल्या साडेतीन तास मागे असते, पुण्यात साडेआठला जेवणं चाललेली असतात तेव्हा तिथे पाच वाजलेले असतात, काम संपलेलं असतं आणि बाहेर उजेड असतो. फोनची हीच वेळ ठरवून टाका. लाइट नसल्यामुळे एखादा दिवस फोन लागला नाही तर घाबरायचं नाही हे निघायच्या आधीच सांगून ठेवा, आणि संस्थेच्या तिथल्या ऑफिसचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये स्वतः सेव्ह करून द्या.