आजोबांवर मराठी विकिपीडियावर लेख करायचा आहे. शीर्षकात नाव कुठलं द्यावं आणि संदर्भ कुठले चालतात?

तुम्ही लिहिलंय की आजोबा निलंगा तालुक्यातले, निजामाविरुद्धच्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात भूमिगत होते आणि पुढे शाळेत शिकवायचे. स्वातंत्र्यसैनिक म्हणून सरकारने दिलेल्या ताम्रपटावर त्यांचं पूर्ण नाव आहे, कवितांखाली टोपणनाव, आणि गावात सगळे ‘गुरुजी’ म्हणायचे. या तिन्हींतलं शीर्षकाला कुठलं घ्यायचं ते आज ठरवूच नका. आधी छापील संदर्भ जमवा. ज्या नावाने परक्या माणसांनी त्यांच्याबद्दल लिहिलंय, ते नाव शीर्षकात जातं. बाकीची नावं पहिल्या ओळीत येतात आणि त्या प्रत्येक नावावरून मुख्य लेखाकडे पुनर्निर्देशन करता येतं, म्हणजे त्या नावाने शोधलं तरी वाचक आपोआप मुख्य लेखावर पोचतो आणि कुठलंच नाव वाया जात नाही.

आपल्याकडचीच उदाहरणं घ्या. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचं मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. कागदोपत्री ते कितीही खरं असलं, तरी वाचक त्या नावाने शोधत नाही आणि नांदेडच्या विद्यापीठालाही ते नाव नाही. ‘स्वामी’ हा तिथे संन्यासाश्रमातल्या नावाचाच भाग आहे, म्हणून तो राहतो. ‘कै.’, ‘प्रा.’, ‘ह.भ.प.’, ‘स्वातंत्र्यसेनानी’ यांचं तसं नाही, ती शीर्षकातून काढायची. विचारवंत लेखक कुरुंदकरांचं नरहर अंबादास कुरुंदकर हे पूर्ण नाव, पण पुस्तकांवर आणि लोकांच्या तोंडी नरहर कुरुंदकर. कवी ना. धों. महानोरांच्या बाबतीत तर आद्याक्षरं हेच नाव झालं. तिथे टिंबानंतर जागा सोडली की नाही एवढ्या फरकानेही शोध चुकतो, त्यामुळे दोन्ही लेखनांची पुनर्निर्देशनं करावी लागतात. तुमच्या आजोबांच्या कविता टोपणनावाने छापल्या गेल्या असतील आणि त्यांच्याबद्दलचं लेखनही त्याच नावाने झालं असेल, तर टोपणनाव घ्या. मुक्तिसंग्रामाच्या पुस्तकांत ते पूर्ण नावाने येत असतील, तर पूर्ण नाव घ्या. ‘गुरुजी’ मात्र शीर्षकात नको. मराठवाड्यात गावागणिक एक गुरुजी आहेत. नेमकं तेच नाव आणि आडनाव असलेल्या दुसऱ्या व्यक्तीचा लेख आधीपासून असेल, तर कंसात ‘स्वातंत्र्यसैनिक’ किंवा ‘कवी’ एवढं लिहिलं की पुरतं.

आता संदर्भ. खरी मेहनत इथे आहे, आणि घाईत गाळला जाणारा भागही हाच. ताम्रपट, पेन्शनचे कागद, शाळेचा दाखला यांवरून माणूस होता आणि लढला एवढं कळतं. लेख उभा राहतो तो घराबाहेरच्या, स्वतंत्र लोकांनी त्यांच्यावर थोडं सविस्तर लिहिलेलं असेल तेव्हाच. दोन-तीन चांगले संदर्भ हवेत. यादीतला नुसता नावाचा उल्लेख पुरत नाही.

शोधाची सुरुवात अनंत भालेरावांच्या ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या पुस्तकापासून करा. स्वामी रामानंद तीर्थांनी इंग्रजीत लिहिलेल्या आठवणी आहेत. महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका (गॅझेटियर) विभागाने स्वातंत्र्यसैनिकांचे चरित्रकोश काढलेत, त्यात मराठवाडा विभाग आहे. कवितांसाठी मराठवाडा साहित्य परिषदेच्या ‘प्रतिष्ठान’चे जुने अंक चाळा. आणखी एक करा: हैदराबाद संस्थानाच्या सरहद्दीबाहेर राहून कार्यकर्ते जिथून लढा चालवायचे, त्यांपैकी कुठल्या कॅम्पवर आजोबा होते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. नांदेडकडची मंडळी उमरखेडच्या कॅम्पवर असायची. या लढ्याच्या लेखनात पुष्कळदा माणूस गावापेक्षा कॅम्पखाली सापडतो. गावाच्या नावाने शोधून हाती काही लागलं नाही, म्हणून कुणी लिहिलंच नाही असं समजू नका.

घरात पेपरची कात्रणं असतीलच. आपल्या लोकांनी ती फार मायेने जपलेली असतात, पण कापताना नेमकं वरचं पेपरचं नाव आणि तारीख जाते. असं कात्रण संदर्भ म्हणून देता येत नाही. ते उलटून मागची बाजू वाचा. मागे मोंढ्याचे भाव, सिनेमाची जाहिरात, एखाद्या निवडणुकीची अर्धी बातमी असं काहीतरी असतं आणि त्यावरून साल, कधी महिनाही कळतो. मग जिल्हा ग्रंथालयात किंवा जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयात त्या महिन्याची बांधीव फाईल काढायला सांगा. मूळ अंक सापडला की पेपरचं नाव, तारीख, पान क्रमांक आणि लेखकाचं नाव तिथेच उतरवून घ्या. कात्रण चिकटवलेलं असेल तर ओढू नका, वाफ देऊन सावकाश सोडवा.

१७ सप्टेंबरच्या पुरवण्यांबद्दल मात्र जपून. मुक्तिसंग्राम दिनाला बरेच लेख छापून येतात, त्यातले काही इंटरनेटवरून उचललेले असतात. आज तुम्ही विकिपीडियावर संदर्भाशिवाय एक तारीख टाकलीत, पुढच्या वर्षी ती पुरवणीत छापली गेली आणि त्यापुढे कुणी तीच पुरवणी लेखाला संदर्भ म्हणून जोडली, की चुकीची तारीख कायमची पक्की झाली. आपल्या भागाचा इतिहास आधीच कमी लिहिला गेलाय. जो लिहिला जाईल तो तरी पक्का असावा असं मला मनापासून वाटतं.

जन्मतारखेचा घोळ तुमच्याकडेही निघेल. दाखल्यावर १ जून असेल, तर ती बहुधा शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेली तारीख. निजामाच्या काळातला उर्दू कागद असेल, तर साल फसली, म्हणजे निजाम राजवटीतल्या कालगणनेचं असतं आणि महिने आजूर, दै, बहमन असे. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १३३५ फसली हे १९२५-२६ च्या आसपास. हे गणित स्वतःची खातरजमा करायला वापरा. लेखात मात्र छापील संदर्भातली तारीखच द्या. दोन संदर्भांत दोन वेगळी सालं असतील तर दोन्ही लिहा, आणि कुठलं कुठे आहे ते सांगा.

जन्मस्थळाचंही तसंच. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये. तेव्हा ‘जन्म लातूर जिल्ह्यात’ असं लिहू नका. ‘तत्कालीन हैदराबाद संस्थानातील बीदर जिल्हा, सध्या लातूर जिल्हा’ असं लिहा. जुन्या कागदांत अंबाजोगाईचा उल्लेख मोमिनाबाद असा येतो, शोधताना हेही डोक्यात असू द्या.

तुम्ही नातू आहात, ते लपवू नका. खातं उघडून लेख आधी धूळपाटीवर (खात्यातल्या सरावाच्या पानावर) लिहा आणि लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर नातं सरळ सांगा. भाषा साधी ठेवा. ‘त्यांचा जन्म झाला’, ‘ते तुरुंगात होते’ यात मराठीचा आदर आलाच. ‘थोर’, ‘झुंजार’, ‘अजरामर’ असे शब्द आले की तपासणारे लेखाकडे संशयाने बघतात. गौरवग्रंथातले किंवा शाळेच्या स्मरणिकेतले परिच्छेद जसेच्या तसे उचलू नका, तो प्रताधिकाराचा भंग होतो. माहिती घ्या, वाक्यं तुमची लिहा.

एवढं करूनही संदर्भ पुरेसे निघाले नाहीत, तर लेखाचा हट्ट नको. एक संदर्भ असेल तर गावाच्या लेखात त्यांच्यावर दोन ओळी टाका, त्या टिकतील. आणि त्यांच्याबरोबर वावरलेलं, त्यांच्या हाताखाली शिकलेलं कुणी अजून हयात असेल, तर त्यांच्याकडे लवकर जा, आठवणी रेकॉर्ड करा, लिहून काढा आणि एखाद्या नियतकालिकाला किंवा स्थानिक इतिहासावर काम करणाऱ्या प्राध्यापकांना द्या. रेकॉर्डिंग थेट विकिपीडियाला चालत नाही. पण त्यावर आधारलेला लेख कुण्या संशोधकाने छापला, तर तो चालतो.

फोटो स्टुडिओतला असेल तर तो कुणी आणि साधारण कधी काढला ते आधी शोधा. भारतात २०१२ पर्यंत फोटोचा प्रताधिकार प्रकाशनानंतर साठ वर्षं राहायचा, आता तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. घरातल्याच कुणी काढलेला असेल, तर त्यांनीच तो कॉमन्सवर (विकिपीडियाच्या चित्रसंग्रहावर) मुक्त परवान्याने चढवावा.