नायट्रोजनपेक्षा ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन लवकर का सुटतो?

प्रश्न : आवर्तात (आवर्तसारणीच्या आडव्या ओळीत) डावीकडून उजवीकडे आयनन ऊर्जा, म्हणजे अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, वाढते. मग नायट्रोजनची १४०२ आणि ऑक्सिजनची १३१४ किलोज्यूल प्रति मोल कशी?

उत्तर : वर्गात कुणी हे विचारलं की मला फार आनंद होतो, त्याने नुसता नियम पाठ केलेला नसतो, आकडे पाहिलेले असतात. उजवीकडे प्रोटॉन वाढतात, कवच तेच राहतं, म्हणून केंद्रकाची पकड घट्ट होते. हे खरंच. पण नायट्रोजनच्या तीन २पी कक्षकांत, म्हणजे बाहेरच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनच्या जागांत, एकेकच इलेक्ट्रॉन असतो. ऑक्सिजनच्या चौथ्याला मात्र दुसऱ्याच्या कक्षकात शिरावं लागतं. त्या जोडीतल्या प्रतिकर्षणामुळे तो कमी ऊर्जेत सुटतो. आता फॉस्फरस आणि गंधक ताडून पाहा : १०१२ आणि १०००. तिथे कक्षक मोठे, त्यामुळे प्रतिकर्षणही सौम्य, म्हणून फरकही छोटा.